दख्खनचा नकाशा आहे, दख्खनचं युद्ध कुठे आहे?

मे २०२५ मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या संगणकावरच्या युद्धखेळात ‘थ्री किंग्डम्स’ नावाची भर पडली. चीनच्या तिसऱ्या शतकातल्या शू, वेई आणि वू या राजवटी मध्ययुगीन फ्रँकांच्या आणि मंगोलांच्या पंगतीला येऊन बसल्या. सोबत आलेले जुर्चेन आणि खितान हे त्या पंगतीचे हक्काचे मानकरी. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण जेमतेम साठ वर्षं चाललेल्या एका फाटाफुटीचे तीन तुकडे तीन वेगळ्या संस्कृती म्हणून विकायचे आणि वर प्रत्येकाला एकेक पराक्रमी ‘हीरो’ द्यायचा, याला काय म्हणावं? पंचवीस वर्षं ज्या खेळात नांगरणारा शेतकरी हाच खरा नायक होता, तिथे आता सिनेमाचा नायक शिरला आहे.

कालगणना चुकली हा त्यातला लहान अपराध. मोठा अपराध वेगळा आहे. रिअल-टाइम स्ट्रॅटेजी, म्हणजे पाळीची वाट न पाहता एकाच वेळी राज्य उभारत लढायचा खेळ, हा कलाप्रकार आज नावं वाढवत सुटला आहे, युद्धाच्या तऱ्हा मात्र वाढत नाहीत. झेंडा बदलतो, किल्ल्याचा घुमट बदलतो, सैनिकाच्या तोंडची भाषा बदलते. लढाई तीच राहते.

या प्रकाराचं मोठेपण मुळात कशात आहे? इथे युद्धाची पिछाडी पडद्यावर दिसते. बुद्धिबळात प्याद्याला जेवण कोण देतं हा प्रश्न नसतो आणि बंदुकीच्या खेळात गोळ्या कुठल्या कारखान्यातून आल्या हे कुणी विचारत नाही. इथे मात्र लाकूड तोडणारा, दगड फोडणारा आणि बोरं वेचणारा व्हिलेजर घोडेस्वाराइतकाच दिसतो, आणि तो मेला की युद्ध हातचं जातं. ज्यांनी सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून ‘एज’ खेळलं, त्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. समोरच्याचे चार व्हिलेजर उचलले की त्याचा कॅसल आपोआप उशिरा उभा राहतो, हे पहिल्याच आठवड्यात कळायचं.

तरीही ‘एज’चं एक खोटं आहे आणि ते १९९७ पासून तसंच आहे. बराकीतून एकदा बाहेर पडलेला सैनिक पुढे घासभरही खात नाही. धान्य ही त्याची किंमत, त्याची रोजची गरज नव्हे. त्यामुळे या खेळात सैन्य मारता येतं, उपाशी ठेवता येत नाही.

हे खोटं ज्यांनी नाकारलं, त्यांच्याकडे आज पुन्हा पाहायला हवं. २००१च्या सुमाराला कीव्हच्या जीएससी गेम वर्ल्डने ‘कोसॅक्स’ आणला. सतराव्या-अठराव्या शतकातला युरोप, पडद्यावर हजारोंच्या पलटणी. पण धान्य संपलं की माणसं मरू लागत, बंदुकीच्या प्रत्येक बाराला लोखंड आणि कोळसा लागे आणि सोनं आटलं की भाडोत्री शिपाई उलटत. २००३च्या ‘राइज ऑफ नेशन्स’ने तर राज्याच्या सीमेलाच शस्त्र केलं. शत्रूच्या मुलखात शिरलेलं सैन्य लढाई न होताही झिजू लागतं. ती झीज टाळायची तर रसदीची गाडी सोबत हवी आणि ती गाडी फोडली की आत घुसलेल्या फौजेचे दिवस भरले. बिग ह्यूज गेम्सच्या ब्रायन रेनल्ड्सच्या चमूने केलेली ही रचना या प्रकारातली सर्वांत समंजस रचना आहे. नंतर आलेल्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली, हे मोठं दुर्दैव. अलीकडे ‘एज ऑफ एम्पायर्स ४’च्या मंगोलांत त्याचा थोडा अंश उतरला: त्यांच्या इमारती उचलून दुसरीकडे नेता येतात आणि शत्रूची इमारत पेटवली की लूट मिळते. त्याच खेळात दाट झाडीत दबा धरून बसायची सोयही आहे.

बाकीच्यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. २०२४चा ‘स्टॉर्मगेट’ ही ‘स्टारक्राफ्ट’ची फिकी सावली आहे, आणि २०२५चा ‘टेम्पेस्ट रायझिंग’ ही ‘कमांड अँड कॉन्कर’ची सफाईदार आठवण. ‘कंपनी ऑफ हीरोज ३’ने इटलीचे डोंगर सुंदर रंगवले, एवढंच.

आता भारताकडे. एप्रिल २०२२ची ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ ही भर कौतुकाला पात्र आहे. आधी ‘इंडियन्स’ अशी एकच मोट होती. ती सोडवून हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड असे चौघे उभे केले. सैनिक गुजराती, बंगाली, तमिळ बोलू लागले. दरवाजा फोडायला लाकडी ओंडक्याऐवजी चिलखती हत्ती आला. गुर्जरांच्या गिरणीत मेंढ्या ठेवल्या की धान्य मिळत राहतं, ही तर खरी कल्पकता. पण गुर्जर आणि द्रविड यांच्या मधल्या मुलखाचं काय? देवगिरीचे यादव आणि उत्तर कोकणचे शिलाहार याच खेळाच्या काळातले. अंबरनाथचं शिवमंदिर १०६०चं, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं. खेळाच्या स्वतःच्या हिशेबाने ते नकाशावर असायला हवं.

‘एज’च्या तिसऱ्या भागातली उणीव अधिक झोंबते, कारण त्याचा काळ थेट मराठ्यांचा आहे. २००७च्या ‘एशियन डायनॅस्टीज’मध्ये भारतीयांची राजधानी दिल्ली, वास्तू आग्र्याचा किल्ला, ताजमहाल, चारमिनार. ‘डेक्कन’ नावाचा नकाशा दिला आहे, पण त्या दख्खनमध्ये मराठे ही स्वतंत्र सत्ता नाही. २०२५च्या सुरुवातीला निर्मात्यांनी या भागात नवी भर घालणंच थांबवलं, म्हणजे ती वाटही बंद झाली. २००९च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठे घेऊन खेळता येतं हे खरं. पण तिथे रणांगण वेगळं आणि राज्यकारभार पाळीपाळीने चालणारा वेगळा. लढाई सुरू झाली की मराठ्यांनीही युरोपीय पलटणीसारखी रांग धरायची.

मराठे खेळात हवेत, ही मागणी अस्मितेची म्हणून करणाऱ्यांशी इथे वाद आहे. भगवा झेंडा, भवानी तलवार आणि ‘हर हर महादेव’ची आरोळी एवढं देऊन कुणी ‘मराठा सिव्हिलायझेशन’ विकली तर ती घेऊ नये. पालखेडची लढाई खेळता येईल का, हा प्रश्न विचारावा. १७२८ मध्ये निजामाकडे भारी तोफखाना होता. बाजीरावाने त्याला खानदेश-गुजरातच्या वाटांवर पळवलं, अवजड तोफा मागे टाकायला लावल्या आणि वैजापूरजवळच्या कोरड्या मुलखात अन्नपाणी तोडून कोंडलं. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. आजच्या ‘एज’मध्ये खेळ संपल्यावर जी आकडेवारी येते, तिच्यात बाजीरावाच्या नावावर मारलेल्या सैनिकांचा रकाना जवळजवळ रिकामा राहील आणि सैनिक खातच नसल्यामुळे निजाम हरणारही नाही. पानिपत त्याच नियमाने उलटं. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतला यमुना उतरला आणि भाऊंच्या फौजेची रसद तुटली. १४ जानेवारीला जे मैदानात उतरले ते उपासमारीने खंगलेले लोक होते. धान्याचा रोजचा हिशेब नसलेला खेळ पानिपताबद्दल काहीच सांगू शकत नाही. मराठ्यांच्या विजयाचं आणि पराभवाचंही कारण ज्या नियमात आहे, तोच नियम गायब असताना पोशाखाला काय करायचं?

पिछाडी म्हणजे काय, हे उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या खेळाडूला तरी समजावून सांगायला नको. उल्हासनगर दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीवर वसलं. सैनिकांच्या बराकी रिकाम्या झाल्या आणि फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचे संसार तिथे उभे राहिले. ८ ऑगस्ट १९४९ला नाव मिळालं, तरी पत्ता आजही कॅम्प एक ते कॅम्प पाच असाच सांगतात. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. छावणी, कारखाना, रेल्वे: हा पट्टाच युद्धाच्या मागच्या बाजूने घडला.

आणि लोकलच्या खिडकीतून मलंगगड दिसतो. १७८० मध्ये, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, कॅप्टन ॲबिंग्टनने त्याच्यावर हल्ला केला. खालचा भाग हाती आला, पण शिबंदी वरच्या सुळक्यावर गेली आणि तो सुळका पडेना. एवढ्यात मराठी फौजेने ॲबिंग्टनची कल्याणची वाट तोडली. वेढा घालणाराच वेढला गेला आणि शेवटी कर्नल हार्टलीला त्याच्या सुटकेला यावं लागलं. या कलाप्रकाराला याहून चांगला प्रसंग कोण देणार? उंचावरून मारा करणाऱ्याला पंचवीस टक्के अधिक बळ, हा ‘एज २’चा नियम आहेच. उरतो तो रसदीचा नियम आणि तो घालता येतो. खेळातच नवे प्रसंग रचायला दिलेल्या सिनारिओ एडिटरमधल्या ट्रिगरने कल्याणहून निघालेली धान्याची गाडी गडाच्या पायथ्याशी पोचली नाही की छावणीतल्या सैनिकांची ताकद दर मिनिटाला कमी करता येते.

‘एज’ची कंपनी हे करील याची वाट पाहू नये. भारत ‘एज २’मध्ये आला तोच चाहत्यांच्या हातून: २०१२ मध्ये हौशी खेळाडूंनी ‘फरगॉटन एम्पायर्स’ नावाची स्वतःची भर रचली, तिच्यात भारतीय होते आणि पुढच्याच वर्षी मूळ कंपनीने ती अधिकृत केली. आज तीच मंडळी या खेळाच्या नव्या भरी तयार करतात. तेव्हा उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापुरात ज्यांच्या संगणकावर ‘एज २’ आहे, त्यांनी रँकच्या शिडीवरून चार रविवार बाजूला व्हावं, मलंगगडाचा नकाशा रचावा, त्यात भूक घालावी आणि तो सर्वांना खेळायला खुला करावा.