नवऱ्यावरचा संशय : लिव्हरपूलचा वॉलेस खटला आणि आपण

 या मालेत प्रमाण, अनुमान, हेत्वाभास हे शब्द आपण बरेच वापरले. आज ते एका खऱ्या खटल्यावर घासून बघायचे आहेत. खटला जुना, लिव्हरपूलचा, १९३१ सालचा. बायकोचा खून झाला, नवऱ्यावर संशय आला, त्याला फाशीची शिक्षा झाली, ती अपिलात रद्द झाली, आणि खुनी कोण हे आजतागायत ठरलेलं नाही. या प्रकरणावर नव्वदहून अधिक वर्षं लिहिलं जातंय. आपल्याला खुनी शोधायचा नाही. हे लिहिणारे विचार कसा करतात, तेवढं तपासायचं आहे. ते तपासताना आपण स्वतः शेजारच्या घराबद्दल विचार कसा करतो, तेही दिसेलच.

आधी घटना सांगून टाकू.

विल्यम हर्बर्ट वॉलेस हा प्रुडेन्शियल या विमा कंपनीचा एजंट. वय ५२. घरोघर जाऊन हप्ते गोळा करणं हे काम. ॲनफील्ड या उपनगरात, एकाला एक लागून असलेल्या घरांच्या रांगेतलं एक घर. पत्नी ज्युलिया. मूलबाळ नाही. ती पियानो वाजवायची, तो व्हायोलिन शिकत होता. बुद्धिबळाच्या क्लबात जायचा.

सोमवारी, १९ जानेवारीला, संध्याकाळी सात वाजून गेल्यावर क्लबात फोन आला. वॉलेस अजून पोचला नव्हता. ‘क्वॉल्ट्रो’ असं नाव सांगणाऱ्या माणसाने निरोप ठेवला : उद्या संध्याकाळी साडेसातला २५, मेनलव्ह गार्डन्स ईस्ट या पत्त्यावर या, काम आहे. मंगळवारी वॉलेस ट्रामने गेला आणि पत्ता शोधत हिंडला. तिथे मेनलव्ह गार्डन्स नॉर्थ आहे, साउथ आहे, वेस्ट आहे. ईस्ट नाहीच! पोलिसाला विचारलं, दुकानात विचारलं. पावणेनऊच्या सुमारास घरी परत. दार उघडेना. शेजारी बाहेर आले, त्यांच्यादेखत मागचं दार उघडलं. पुढच्या खोलीत ज्युलिया मरून पडलेली, डोक्यावर घाव, अंगाखाली वॉलेसचाच रेनकोट. पेटीतले चारेक पौंड गेलेले. हत्यार सापडलं नाही.

आता गंमत बघा. म्हणजे गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण तर्काच्या अंगाने दुसरा सुचत नाही. यातली प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी वाचता येते.

फोन वॉलेसच्या घरापासून काहीशे यार्डांवरच्या सार्वजनिक बूथमधून झाला होता. एक बाजू म्हणते, क्लबाला जाता जाता त्यानेच केला. दुसरी म्हणते, घरावर पाळत ठेवणाऱ्यालाही तोच बूथ सोयीचा. निरोप घेणारा क्लबचा कॅप्टन वॉलेसला चांगला ओळखत होता, आणि तो आवाज वॉलेसचा वाटला नाही असंच त्याने सांगितलं. पत्ता त्याने इतक्या लोकांना विचारला. एक बाजू म्हणते, साक्षीदार गोळा करत होता. दुसरी म्हणते, न सापडणारा पत्ता शोधणारा माणूस विचारणार नाही तर काय करणार? रेनकोटचं तसंच. सरकार पक्षाने सुचवलं की रक्त उडू नये म्हणून अंगावर फक्त रेनकोट घालून त्याने खून केला असेल. बचाव म्हणतो, घाईने दार उघडायला जाताना ज्युलियाने तो खांद्यावर टाकला असेल. वॉलेसच्या कपड्यांवर रक्त मिळालं नाही. म्हणजे तो निर्दोष, की फार हुशार?

आणि वेळ. दूध टाकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाने ज्युलियाला जिवंत पाहिलं होतं. सोबतच्या मुलांना त्याने पावणेसात वाजले होते असं सांगितलं होतं. पोलिसांच्या हिशेबात ती वेळ साडेसहाच्या जवळ सरकली. ट्रामच्या वेळेवरून वॉलेस सातला दहा-बारा मिनिटं कमी असताना घरातून निघालेला असणार. पावणेसात धरले तर खून, साफसफाई, पेटीची उलथापालथ या सगळ्याला जेमतेम पाचेक मिनिटं उरतात. साडेसहा धरले तर काम जमू शकतं. एका माणसाचा जीव असा पंधरा मिनिटांवर टांगलेला होता.

आपल्या न्यायशास्त्रात या अवस्थेला अगदी नेमका शब्द आहे : सत्प्रतिपक्ष. एखाद्या हेतूने जे सिद्ध करायचं, त्याच्या उलट सिद्ध करणारा तितकाच तगडा हेतू समोर उभा असतो. तेव्हा दोन्ही थकतात आणि निर्णय होत नाही. जुन्या सूत्रांत याला प्रकरणसम म्हटलंय, म्हणजे प्रकरण जिथल्या तिथे राहतं. नैयायिकांनी हा हेत्वाभासाचा एक प्रकार मानला. हेत्वाभास म्हणजे हेतूसारखा दिसणारा, पण हेतू नसलेला. वॉलेस प्रकरणात असे आभासच आभास आहेत.

मग ज्यूरीने त्याला दोषी कसं ठरवलं? कारण तराजू समतोल असला की कुठलीही हलकी वस्तू पारडं झुकवते. इथे ती वस्तू होती वॉलेसचा चेहरा.

त्या रात्री तपासणीला आलेल्या वैद्यकीय तज्ज्ञाने कोर्टात सांगितलं की हा माणूस फारच शांत होता. सिगारेट ओढत होता, प्रेत पडलेल्या खोलीत येऊन भांड्यात राख झटकत होता. हे आपल्याला अस्वाभाविक वाटलं, असं ते म्हणाले. आता हेच शेजारणीच्या साक्षीतून बघा. पोलीस आसपास नसताना हा माणूस दोनदा डोकं धरून रडला होता. लोक आले की स्वतःला सावरायचा. एकाच रात्रीच्या दोन साक्षी, पण लोकांच्या मनावर ठसली पहिली.

यात आणखी एक धागा आहे, आणि तो आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या माणसांना फार टोचतो. वॉलेस मार्कस ऑरेलियसचा वाचक होता. स्टोइकांची शिकवण काय? जे आपल्या हातात नाही त्याने हलून जाऊ नये. दुःख झालं तरी त्याचं प्रदर्शन मांडू नये. हा माणूस वर्षानुवर्षं त्याचा अभ्यास करत आला, आणि नेमक्या कसोटीच्या क्षणी तो अभ्यास त्याच्याविरुद्ध पुरावा झाला. त्या रात्री छाती पिटून रडला असता, तर कदाचित गळ्याभोवती फास आलाच नसता.

शांतपणा हा हेतू तपासू. पाटीवर लिहावं तसं : हा खुनी आहे, कारण हा शांत आहे. हा हेतू टिकायला शांतपणा फक्त खुन्यांत सापडायला हवा. पण शांत माणसं बायको नैसर्गिकरीत्या गेल्यावरही शांत असतात. स्मशानात आपण पाहिलेलंच असतं, कुणी हंबरडा फोडतो, कुणी लाकडं नीट रचली की नाही ते बघत फिरतो. त्या दुसऱ्याला दुःख नाही असं कुणी म्हणेल? हेतू दोन्हीकडे सापडला की तो सव्यभिचार, म्हणजे भटका. तो कुणाच्याही घरी जातो, म्हणून कुणाच्याच विरुद्ध साक्ष देऊ शकत नाही.

न्यायमूर्ती राइट यांनी ज्यूरीला केलेल्या समारोपाचा रोख निर्दोष सुटकेकडे होता. ज्यूरी तासाभरात परतली : दोषी. फाशी. पण १९ मे १९३१ रोजी अपील कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. पुराव्याच्या आधाराने हा निकाल टिकत नाही, एवढंच कारण. खुनाच्या खटल्यात ज्यूरीचा निर्णय निव्वळ या कारणावर उलटवण्याची इंग्लंडमधली ही पहिली वेळ मानतात.

वॉलेस सुटला, पण संशयातून सुटला नाही. हप्ते गोळा करायला दारोदार जाणं अशक्य झालं. कंपनीने टेबलावरचं काम दिलं. नदीपलीकडे राहायला गेला आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. कोर्ट माणसाला फासावरून खाली उतरवू शकतं, शेजाऱ्यांच्या नजरेतून नाही.

आता लेखकांकडे येऊ. डोरोथी सेअर्स या नामवंत रहस्यकथाकार. त्यांनी १९३६ साली या खटल्यावर दीर्घ लेख लिहिला. तो आम्हाला या साऱ्या लेखनात सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण एकच वस्तुस्थिती दोन्ही बाजूंनी कशी वाचता येते हे त्या शांतपणे दाखवत जातात. त्यांची मर्यादा एवढीच की अधूनमधून खरा खून त्यांना कादंबरीच्या आराखड्यासारखा दिसू लागतो. जोनाथन गुडमन यांनी १९६९ च्या पुस्तकात वॉलेसची बाजू जोरात मांडली. वाईट नव्हे. पण मग खुनी कोण, ही जागा रिकामी ठेवणं कुणालाच जमेना. हळूहळू संशय वॉलेसच्या ओळखीच्या एका तरुणाकडे वळला, आणि तो वारल्यावर, खुनाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, रेडिओवरून त्याचं नाव जाहीर झालं. आपण ते इथे घेत नाही. त्याच्यावर कधी खटला चालला नाही, आणि मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही. एका माणसाला संशयाच्या जोरावर दोषी ठरवणं चूक होतं, म्हणून दुसऱ्याला तसंच ठरवायचं, हा न्याय कुठला?

पुढे पी. डी. जेम्स यांनी २०१३ मध्ये तोडगा काढला : फोन दुसऱ्या कुणी खोडसाळपणे केला असावा आणि खून वॉलेसनेच. जुळणी सुंदर आहे, दोन्ही बाजूंचे अवघड तुकडे एकदम बसतात. पण सुंदर जुळणं हा कथेचा गुण आहे, पुराव्याचा नव्हे. खरं आयुष्य पुष्कळदा वाईट जुळतं.

बुद्धिबळाचंही तेच. वॉलेस बुद्धिबळ खेळायचा, म्हणून खून म्हणजे पटावरची चाल, असं किती जणांनी लिहिलं असेल! प्रत्यक्षात तो बेताचा खेळाडू, क्लबातल्या दुसऱ्या श्रेणीतला. एक शब्द चिकटला की तो माणसाच्या जागी बसतो.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. बाई घरात मारली गेली तर मारणारा जवळचाच असण्याचं प्रमाण जगभर मोठं आहे. मग नवऱ्यावर संशय घेण्यात चूक काय? आपल्याकडे तर उलटंच पाप झालंय. स्टोव्ह भडकला, पदर पेटला, म्हणून कित्येक सुना जळाल्या आणि नवऱ्याकडे कुणी बोटही दाखवलं नाही. म्हणूनच १९८६ मध्ये हुंडाबळीचं कलम आलं, आणि लग्नानंतर सात वर्षांच्या आतल्या अशा मृत्यूत हुंड्यासाठी छळ दाखवता आला तर कायद्यानेच नवऱ्याकडच्यांविरुद्ध गृहीतक धरलं. हे योग्यच झालं. संशय घ्यायलाच हवा होता.

पण त्याच काळातला दुसरा निकाल आठवा. पुण्यातल्या एका विवाहितेच्या मृत्यूबद्दल नवऱ्याला खालच्या कोर्टाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वं त्या निकालात मांडली गेली, वकील मंडळी त्यांना पंचशील म्हणतात. सार असं की पुराव्याची साखळी पुरी हवी आणि ‘असू शकतं’ व ‘असलंच पाहिजे’ यांत अंतर राहता कामा नये.

या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितलेत. संशय तिसरा आहे, निर्णय नववा. संशयाला तिथे मानाचं स्थान आहे, कारण संध्याकाळच्या अंधारात दिसतंय ते झाडाचं खोड की माणूस, हा प्रश्न पडल्याशिवाय कुणी जवळ जाऊन बघत नाही. नवऱ्यावर संशय घेणं म्हणजे जवळ जाऊन बघणं. स्टोव्हच्या काळात आपण तिसऱ्या पायरीवर चढलोच नाही. वॉलेसच्या बाबतीत लोक तिसरीवरून थेट नववीवर उडाले. मधल्या पायऱ्या, दृष्टांत, अवयव, तर्क, गाळून. आणि जवळ जाऊन पाहूनही अंधार सरला नाही तर? तर खोड की माणूस हे सांगता येत नाही, असं म्हणायचं. हे म्हणायला अज्ञान लागत नाही, धीर लागतो.

शेवटी ज्युलियाबद्दल. एवढ्या लिखाणात तिच्याबद्दल फार थोडं आहे. लग्नाच्या नोंदीत तिने वय ३७ लावलं होतं, प्रत्यक्षात पन्नाशी ओलांडली होती, हे शोधायला २००१ उजाडलं. सत्तर वर्षं सगळे नवऱ्याचा चेहरा वाचत बसले, बायकोचं वयही कुणी नीट पाहिलं नव्हतं. आणि ही माहिती मिळाल्यावरही ती नवऱ्याला खुनाचं कारण म्हणून वापरण्याचा मोह होतोच. वयात फसवलं, म्हणून मारलं! बघा, हेतू पुन्हा भटकायला निघाला.

म्हणून पुढच्या वेळी कुणाच्या घरात असं काही घडलं आणि चार माणसांत आपलं मत विचारलं गेलं, तर बोलण्याआधी एक प्रश्न मनाशी विचारू : आपण जे कारण देतोय, ते निर्दोष माणसाच्या घरीही सापडेल का? सापडत असेल, तर पोलिसांनी तपास करावा, कोर्टाने ऐकावं, आणि आपण गेलेल्या बाईचं नाव तरी नीट घ्यावं. बाकी पुढच्या व्याख्यानात. नमस्कार.