चालणं वाचणारा डॉक्टर

जेम्स पार्किन्सन यांचा कंपवातावरचा निबंध १८१७ साली लंडनमध्ये छापला गेला. पानं ६६, रुग्ण अवघे सहा. त्यांतले दोघे रस्त्यात गाठ पडलेले, तर एक नुसता लांबून पाहिलेला.

मला या लांबून पाहिलेल्या गृहस्थाचं वर्णन सगळ्यांत आवडतं. नोकर समोर उभा, दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर. गृहस्थ हळूहळू मागेपुढे डोलत तोल साधतात, इशारा देतात आणि थेट धावतच सुटतात. नोकर चटकन बाजूला होऊन पुढे पळतो, कारण वीसेक पावलांवर ते पडणार आणि त्यांना झेलायचं आहे. पार्किन्सन यांनी ना नाडी पाहिली, ना दोन शब्द विचारले. पण पहिलं पाऊल उचलता न येणं आणि उचललं की थांबता न येणं, दोन्ही त्या दृश्यात आलं आहे. डॉक्टर आजही ‘जरा चालून दाखवा’ म्हणतात, ते यासाठीच.

निबंधाचा खरा जीव मात्र व्याख्येत आहे. थरथर कुठे? काम करत नसलेल्या अवयवात, त्याला टेका दिलेला असतानाही. किती नेमकं पाहिलंय! मांडीवर निवांत ठेवलेला हात थरथरतो आणि कप उचलताना थरथर ओसरते, तेव्हा संशय कंपवाताचा. उलट मांडीवर हात शांत, पण ओठांशी नेताना चहा हिंदकळतो, तेव्हा बहुधा इसेन्शियल ट्रेमर हा दुसरा विकार. त्याची औषधंही वेगळी.

काही गोष्टी निसटल्या. स्नायूंचा ताठरपणा रुग्णाचं मनगट हातात धरून हलवल्याशिवाय कळत नाही, आणि इथे बरंचसं काम नुसत्या डोळ्यांनी झालेलं. बुद्धी शाबूत राहते, हे पार्किन्सन यांचं म्हणणंही सरसकट खरं नाही. हालचालींचा मंदपणा पुढे पॅरिसमध्ये मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी वेगळा ओळखला आणि आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं. आज थरथर नसली तरी निदान होतं, मंदपणा नसेल तर होत नाही.

शवविच्छेदन आपल्याला करता आलेलं नाही, हे पार्किन्सन प्रस्तावनेतच सांगतात आणि ते काम शरीरशास्त्रज्ञांवर सोपवतात. या प्रांजळपणामुळे निबंधाचं वजन वाढतं. त्यांनी दोष मानेजवळच्या मज्जारज्जूत असावा असा तर्क केला होता. प्रत्यक्षात दोष मध्यमेंदूतल्या काळसर पेशींच्या पट्ट्यात आहे, हे त्रेत्याकॉव्ह यांनी १९१९ मध्ये पॅरिसच्या आपल्या प्रबंधात दाखवलं.