लठ्ठपणा : आकडा कोणाचा, उपचार कोणासाठी?

किलोग्रॅममधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. बॉडी मास इंडेक्स किंवा बी.एम.आय. या नावाने ओळखले जाणारे हे सूत्र आज शाळेतल्या आरोग्य-तपासणीच्या कार्डापासून विम्याच्या करारापर्यंत सगळीकडे पोहोचले आहे. उत्तर २५च्या वर गेले की माणूस जाड, ३०च्या वर गेले की लठ्ठ, आणि ४०च्या वर गेले की पोटाच्या शस्त्रक्रियेला पात्र. सातवी-आठवीतल्या मुलालाही जमेल असा हा भागाकार आहे. बहुधा म्हणूनच त्याच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. या लेखात तेवढे करायचे आहे.

लठ्ठपणा हा प्रश्नच खोटा आहे, असे म्हणण्याचा उद्देश नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात दर आठ माणसांमागे एक लठ्ठ होता. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, गुडघ्यांची झीज आणि काही प्रकारचे कर्करोग यांच्याशी लठ्ठपणाचे नाते पक्के आहे. पण प्रश्न खरा असला म्हणून तो मोजायची पट्टी बरोबर असतेच असे नाही. आणि पट्टी चुकली तर उपचार भलत्याच माणसापर्यंत पोहोचतो.

ही पट्टी मुळात वैद्यकातली नाही. बेल्जियमचा अॅडॉल्फ केटले हा खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. १८३०च्या दशकात तो ‘सरासरी माणूस’ शोधत होता. प्रौढ माणसांची वजने त्यांच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात, असे त्याला मोजमापांत दिसले. इथे वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी विचारेल : वस्तू सर्व दिशांनी सारखी वाढली तर तिचे घनफळ लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, मग इथे घन का नाही? प्रश्न अगदी रास्त आहे. उंच माणूस म्हणजे बुटक्या माणसाची मोठी केलेली प्रतिकृती नव्हे. उंचीच्या मानाने त्याची रुंदी कमी वाढते. म्हणजे ‘वर्ग’ हा निसर्गाचा नियम नाही, आकड्यांना बरा बसलेला अंगरखा आहे.

पुढे १९७२ साली अमेरिकेतील अॅन्सेल कीज यांनी पाच देशांतील काही हजार पुरुषांची मोजमापे घेऊन या गुणोत्तराला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले. त्या पाच देशांत भारत नव्हता आणि पाहणीत स्त्रिया नव्हत्या. कीज यांना निरनिराळ्या जनसमूहांची तुलना करण्यासाठी सोपे साधन हवे होते, आणि त्या कामाला हे साधन आजही उपयोगी आहे. गडबड होते ती जनसमूहाची पट्टी एकेका माणसाला लावल्यावर. वजनकाट्याला स्नायू कोणता आणि मेद कोणता हे कळत नाही. मेद मांडीवर साठला आहे की यकृताभोवती, हेही त्याला कळत नाही. आरोग्याच्या दृष्टीने तर हाच फरक सर्वांत महत्त्वाचा.

याचा बोलका पुरावा पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही बी.एम.आय. २२.३, म्हणजे तक्त्यानुसार दोघेही ‘योग्य’. पण शरीरातील मेदाचे प्रमाण यडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! एक छायाचित्र आणि चार आकडे एवढ्यावर हा छोटा लेख जे सांगून गेला ते मोठ्या अहवालांना जमलेले नाही. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकेही मोजली होती. ती सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बालके ३.५ किलोची. आपली बाळे वजनाने, पोटाच्या घेराने, दंडाच्या जाडीने लहान; पण त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने फारसा कमी नव्हता. बारीक दिसणारे आणि आतून मेदस्वी असे हे शरीर जन्मापासूनच घडते.

मग सीमारेषा कोणी आणि कशा ठरवल्या? १९९८ साली अमेरिकेने ‘जास्त वजना’ची सीमा २७-२८च्या आसपास होती ती २५वर आणली. एका रात्रीत, एक ग्रॅमही वजन न वाढवता, कोट्यवधी अमेरिकन जाड झाले. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली आपल्या लोकांसाठी २३ आणि २५ या सीमा सुचवल्या. म्हणजे तिकडे जो नुसता ‘जाड’ तो इकडे ‘लठ्ठ’. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९–२१चा अहवाल २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष ‘जाड किंवा लठ्ठ’ असल्याचे सांगतो, तेव्हा ती रेषा २५ची आहे. भारतीय निकष लावले तर हे सगळेच लठ्ठ, आणि २३ ते २५मधले ‘जाड’ निराळेच मोजावे लागतील. वर्तमानपत्रात टक्केवारी छापून येते, तिच्यामागची रेषा मात्र क्वचितच छापली जाते.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. तिचा इतिहास आजच्या जाहिरातींइतका गुळगुळीत नाही. १९५४ साली अमेरिकेत क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्नाला जवळची वाट काढून देण्याची शस्त्रक्रिया नोंदवली. वजन उतरले, पण पुढे असंख्य रोग्यांना जुलाब, मूतखडे आणि यकृताचे गंभीर विकार झाले, आणि ती पद्धत सोडून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी वेगळे निरीक्षण केले. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रोग्यांचे वजन वाढत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले आणि १९६६ साली त्यांनी जठराला वळसा घालणारी शस्त्रक्रिया केली. तिच्या आजच्या रूपात जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दुसऱ्या, सध्या अधिक प्रचलित पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात आणि नळीसारखा भाग उरवतात. कापलेले जठर परत जोडता येत नाही, हे इथेच सांगून ठेवायला हवे.

पिशवी लहान झाली, म्हणून माणूस कमी खातो आणि बारीक होतो, असे सुरुवातीला सर्वांना वाटले. ते अपुरे होते. १९९५ साली वॉल्टर पोरीज यांनी ६०८ रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतील मधुमेहींपैकी ८३ टक्के लोकांची रक्तशर्करा पूर्ववत झाली होती, आणि अनेकांच्या बाबतीत ती वजन उतरण्याआधी, काही दिवसांतच सुधारली होती. याचा उलगडा पुढे होत गेला. जठराच्या वरच्या भागातून घ्रेलिन हे भूक चेतवणारे संप्रेरक स्रवते (ते १९९९ साली जपानमध्ये सापडले). अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचले की जी.एल.पी.-१ हे संप्रेरक जास्त स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि मेंदूला ‘पुरे’ असे कळवते. अलीकडे गाजत असलेली वजन उतरवण्याची इंजेक्शने याच संप्रेरकाची नक्कल करतात. जठर आणि आतडे म्हणजे नुसती पिशवी आणि नळी नव्हे, त्या संप्रेरके निर्माण करणाऱ्या ग्रंथीही आहेत, हे सुरीने शिकवले. माझ्या मते या शस्त्रक्रियेची विज्ञानाला मिळालेली ही सर्वांत मोठी देणगी आहे.

आपल्या वर्गात मात्र अजून ‘खाल्लेले उष्मांक वजा खर्च झालेले उष्मांक’ एवढेच समीकरण शिकवले जाते. समीकरण चूक नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेला कोण नाकारील? पण त्यातली दोन्ही पदे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे आपण गृहीत धरतो, आणि तिथे फसतो. अमेरिकेतील वजन उतरवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची केव्हिन हॉल यांनी सहा वर्षांनंतर तपासणी केली (२०१६). बहुतेकांचे वजन बरेचसे परत आले होते, आणि तरीही विश्रांतीच्या स्थितीतला त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० किलोकॅलरींनी कमी होता. जमा कमी केली की शरीर खर्चही आखडते आणि भूक वाढवते. ‘जिभेवर ताबा नाही’ हा टोमणा किती अडाणी आहे ते यावरून समजावे.

शस्त्रक्रिया परिणामकारक आहे याबद्दल आता वाद उरलेला नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया केलेले २०१० आणि न केलेले २०३७ लोक होते. सरासरी अकरा वर्षांत पहिल्या गटात १०१ आणि दुसऱ्या गटात १२९ मृत्यू झाले. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, ही त्यातली उणीव. तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण याच अभ्यासातील दुसरा आकडा जाहिरातींत दिसत नाही. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेहींचा मधुमेह हटलेला होता. दहा वर्षांनी तो ३६ टक्क्यांत हटलेला राहिला होता. निम्माच. ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे वर्ष-दीड वर्षाने काढलेली असतात. शिवाय बी-१२ शोषून घेण्यासाठी लागणारा घटक जठरातच तयार होतो. जठर कापले किंवा वगळले की बी-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर मागे लागतात. २०१७ साली इजिप्तहून एका अतिस्थूल महिलेला मालवाहू विमानाने मुंबईत उपचारांसाठी आणले, तेव्हा वृत्तपत्रांत आठवड्यामागून आठवडे उतरलेल्या किलोंचे आकडे येत होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबू धाबीत त्यांचे निधन झाले. ज्या वृत्तांकनात किलो हेच यशाचे एकमेव माप असते, ते वाचकाला वैद्यक शिकवत नाही.

आणि इथे पुन्हा तो भागाकार आडवा येतो. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या परिषदेने शस्त्रक्रियेची सीमा ४०, किंवा गंभीर आजार सोबत असल्यास ३५, अशी ठरवली. तेव्हा पोट मोठा छेद घेऊन उघडत. दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया होऊ लागली नव्हती. २०२२ साली शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही सीमा ३५वर आणली आणि आशियाई लोकांसाठी २७.५ सुचवली. आपल्या विमा नियामकाने मात्र २०१९ साली ठरवून दिलेल्या प्रमाणित कलमात ४० आणि ३५ हेच आकडे घातले. १६० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे उदाहरण घेऊ. उंचीचा वर्ग २.५६. तिला ४०पर्यंत जायला १०२ किलो वजन हवे, २७.५साठी ७० किलो पुरतात. एकाच बाईला एक कागद पात्र म्हणतो, दुसरा अपात्र, आणि मध्ये ३२ किलोंचे अंतर! डॉ. याज्ञिक यांची मोजमापे खरी मानली तर अमेरिकन सीमा भारतीय मधुमेह्यावर अन्याय करते, हे उघड आहे. पण नवी सीमा सुचवणाऱ्यांत शस्त्रक्रिया करणारेच पुढे आहेत, हेही विसरू नये. आकडा खाली आला की बाजार रुंदावतो. जानेवारी २०२५मध्ये ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने बी.एम.आय. एकट्यावर निदान करू नये, कंबरेचा घेर किंवा प्रत्यक्ष मेद मोजावा आणि अवयवांचे काम बिघडले आहे का ते पाहावे, असे सांगितले. हा मार्ग मला अधिक सरळ वाटतो. मात्र तो वेळ खातो आणि एका भागाकारात उरकत नाही.

सार्वजनिक आरोग्य म्हणून पाहिले तर आणखी एक साधे गणित करता येते. अमेरिकेत सुमारे १० कोटी प्रौढ लठ्ठ आहेत आणि वर्षाला साधारण अडीच लाख अशा शस्त्रक्रिया होतात. भागाकार करा : ४०० वर्षे! सगळ्यांना शस्त्रक्रिया लागत नाही हे मान्य करूनही, सुरीने साथ आटोक्यात येत नाही हे दिसते. एकेका रोग्यासाठी ती वरदान असू शकते, पण देशाचे धोरण होऊ शकत नाही. चिलीने २०१६ साली जास्त साखर, मीठ, मेद असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापणे सक्तीचे केले. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२च्या मसुद्यात तारे सुचवले होते. ताऱ्यांच्या पद्धतीत थोडा सुकामेवा किंवा तंतू घातले की साखरेचे उणे गुण फिटतात. इशाऱ्याच्या जागी शाबासकी! त्याच प्राधिकरणाचा २०२०चा नियम अधिक नेमका होता : असे पदार्थ शाळेच्या आवारात आणि आवारापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. आपल्या शाळेच्या फाटकापासून ५० मीटर मोजून पाहायला एक टेप पुरते.

आणि शाळेतल्या भिंतीवरचा तक्ता? तो बहुधा प्रौढांचा असतो. सहा वर्षांच्या मुलाचा बी.एम.आय. १८.५ आला तर त्या तक्त्यात तो ‘योग्य’च्या पहिल्या पायरीवर बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वयानुसार तक्त्यांत मात्र या वयाच्या मुलांचा मध्यक १५.३ आहे आणि १८.५ ही लठ्ठपणाची सीमा आहे. म्हणजे लठ्ठ मूल आपण ‘ठीक’ म्हणून सोडतो, आणि १५चे निरोगी मूल ‘कुपोषित’ म्हणून घरी चिठ्ठी पाठवतो. मुलांसाठी वय (महिन्यांसह) आणि मुलगा की मुलगी हे पाहूनच तक्ता वाचावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली आपल्या मुलांसाठी असे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. वजने घेताना ती वर्गात मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा अनेक शाळांत आहे. नोंदवहीत लिहून काम भागते.