न दिसणारी टक्कर

‘लीग ऑफ डिनायल’ हें मार्क फायनारू-वाडा व स्टीव्ह फायनारू या वृत्तपत्रकार बंधूंचें पुस्तक २०१३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. तेथील व्यावसायिक फुटबॉल, त्या खेळांत खेळाडूंच्या मेंदूस होणारी इजा, आणि ती इजा वर्षानुवर्षें नाकारणारी नॅशनल फुटबॉल लीग ही धनाढ्य संस्था, हा त्याचा विषय. पुस्तक आतां नवें राहिलें नाहीं हें खरें. परंतु त्यानें उपस्थित केलेला प्रश्न अद्याप मिटलेला नाहीं, आणि आमच्या मतें त्यांतील सर्वांत महत्त्वाचा धागा लेखकांच्या हातून सैल सुटला आहे. म्हणून इतक्या उशिरानें कां होईना, त्याचा परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आपल्याकडे फुटबॉल म्हटला म्हणजे पायानें लाथाडावयाचा वाटोळा चेंडू डोळ्यांपुढें येतो. अमेरिकन फुटबॉल त्याहून अगदीं निराळा. येथें लांबट चेंडू हातांत घेऊन धांवावयाचें किंवा तो फेंकावयाचा, आणि प्रतिपक्षानें चेंडूवाल्यास अंगाशीं भिडून खालीं लोळवावयाचें, असा प्रकार आहे. दोहों बाजूंस अकरा अकरा गडी. प्रत्येक चाल कांहीं सेकंदांची. चालीच्या आरंभीं दोन रांगा समोरासमोर ओणव्या उभ्या असतात. मधला गडी, ज्यास सेंटर म्हणतात, तो आपल्या दोन पायांमधून चेंडू मागें देतो आणि त्याच क्षणीं समोरच्या धिप्पाड गड्यावर आदळतो. प्रेक्षकांची नजर तोंवर चेंडूबरोबर मागें गेलेली असते. या शेवटच्या गोष्टीचें स्मरण वाचकांनीं ठेवावें. पुढें तिचें काम पडणार आहे.

पुस्तकाचा करुण नायक माइक वेब्स्टर हा असाच एक सेंटर होता. तो एकंदर सतरा मोसम खेळला, आणि पिट्सबर्ग स्टीलर्स संघाच्या चार अजिंक्यपदांत त्याचा वांटा होता. निवृत्तीनंतर त्याची स्मृति व विवेक हीं दोन्ही ढांसळत गेलीं, संसार मोडला, पैसा नाहींसा झाला. कधीं कधीं तो आपल्या गाडींतच रात्र काढी. २००२ सालीं, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं तो वारला. त्याची शवपरीक्षा बेनेट ओमालू या नायजेरियांत जन्मलेल्या तरुण डॉक्टरांकडे आली. मेंदू वरवर पाहतां धड दिसत होता. तरीही ओमालूंनीं तो राखून ठेवविला, त्याचे पातळ छेद करविले, आणि त्यांत टाऊ नांवाच्या प्रथिनाचे विकृत सांठे त्यांस आढळले. हा रोग सर्वस्वीं अपूर्व होता असें नव्हे. मुष्टियोद्ध्यांच्या भ्रमिष्टपणाचें वर्णन हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरांनीं १९२८ सालींच केलें होतें. परंतु व्यावसायिक फुटबॉलपटूच्या मेंदूंतील सी. टी. ई. चा, म्हणजे ‘क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफलोपथी’ या रोगाचा, पहिला शास्त्रीय वृत्तांत २००५ सालीं ओमालू व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखानें पुढें आला.

यानंतरचा भाग लेखकांनीं फार प्रभावी रीतीनें लिहिला आहे. लीगनें १९९४ सालीं मेंदूच्या सौम्य इजांचा अभ्यास करण्यासाठीं एक समिति नेमिली होती. तिचे अध्यक्ष एलियट पेलमन हे संधिवाताचे तज्ज्ञ! मेंदूचा न्याय करावयास सांध्यांचा वैद्य बसविण्याची ही योजना एखाद्या प्रहसनकारास सुचली असती, तर आपण तिला अतिशयोक्ति म्हटलें असतें. या समितीच्या तिघां सदस्यांनीं ओमालूंचा लेख मागें घेण्यांत यावा अशी मागणी केली. आणि याच्या कितीतरी आधीं, १९९९ सालीं, लीगच्या निवृत्तिवेतन मंडळानें वेब्स्टरची विकलता फुटबॉलमधील डोक्याच्या आघातांमुळें आली असें मान्य करून त्यास भत्ता मंजूर केला होता! एका हातानें पैसे द्यावयाचे आणि दुसऱ्या हातानें कारण पुसून टाकावयाचें, हा व्यवहार लेखकांनीं कागदोपत्रीं उघडा पाडला आहे. त्यांची चिकाटी खरोखर स्तुत्य आहे. खेळाविषयीं त्यांस तिटकारा नाहीं, ही गोष्टही त्यांच्या साक्षीचें वजन वाढविते.

मग आमची तक्रार कोणती? कोणास काय ठाऊक होतें, केव्हां ठाऊक होतें, आणि तें कोणीं दडविलें, या तपासावर पुस्तकाचा सारा भर आहे. असा तपास वाचकास गुंगवून टाकतो. परंतु दोषी माणूस सांपडला म्हणजे दोषही सांपडला, असा ग्रह त्यानें नकळत होतो. २०१५ सालच्या ‘कन्कशन’ चित्रपटानें तर ओमालूंस एकाकी वीराचा साज चढवून हा ग्रह पक्का केला. परंतु समिति उद्यां सत्यवादी झाली म्हणून सेंटरचें डोकें आदळावयाचें थांबत नाहीं. तें थांबावयाचें तर नियम बदलला पाहिजे. आणि नियम कसे बदलत गेले, हें पाहूं लागल्यास एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते.

१९०५ सालच्या मोसमांत डझनाहून अधिक तरुण या खेळांत दगावले, तेव्हां राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील मंडळींस बोलावून घेतलें. पुढल्याच वर्षीं चेंडू पुढें फेंकण्यास परवानगी मिळाली, आणि घोळक्यानें चिरडण्याचा प्रकार कमी झाला. १९४३ पासून लीगनें हेल्मेट सक्तीचें केलें. हेल्मेट कवटी फुटूं देत नाहीं. परंतु कवटीच्या आंत मेंदू हेलकावतो, त्यास तें आंवरूं शकत नाहीं. उलट, कवच मिळाल्यामुळें डोकें हेंच एक शस्त्र होऊन बसलें. मग त्या शस्त्रास बंधनें आलीं. चेंडू झेलण्यांत गुंतलेल्या असहाय गड्याच्या डोक्यावर आघात करण्यास २०१० च्या सुमारास कडक बंदी झाली. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेंकणारा सूत्रधार, याच्या रक्षणाचे नियम तर दर कांहीं वर्षांनीं वाढतच गेले. २०१८ सालीं डोकें खालीं घालून हेल्मेटनें धडक देणें हा सर्वांसच लागू असा अपराध ठरला. शिक्षा पंधरा यार्डांची. कागदावर हा नियम रांगेंतल्या गड्यांसही लागू आहे. पण दहा धिप्पाड देह एका क्षणांत एकमेकांवर कोसळत असतां कोणाचें डोकें किती लवलें, हें पंचानें पाहावें कसें?

म्हणजे ज्याची टक्कर प्रेक्षकांस दिसते, त्याच्यासाठीं नियम लवकर धांवून येतो. २०२२ च्या सप्टेंबरांत मायामी संघाचा क्वार्टरबॅक टुआ टागोवाइलोआ आपटून उठतांना लटपटला, तरी त्याच सामन्यांत परत खेळला. चारच दिवसांनीं पुढच्या सामन्यांत तो पुनः आपटला आणि त्यास उचलून न्यावें लागलें. कोट्यवधि लोकांनीं तें पाहिलें. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडण्यापूर्वीं वैद्यकीय नियम बदलला, आणि अशा रीतीनें लटपटणाऱ्यास त्या दिवशीं परत खेळण्यास मनाई झाली. हें चांगलें झालें, यांत शंका नाहीं. परंतु वेब्स्टर काय अशा एखाद्या भयंकर आपटण्यानें खचला? बोस्टन विद्यापीठांतील संशोधनाचा रोख असा आहे कीं, या रोगाचा संबंध निदान झालेल्या कन्कशनांच्या संख्येपेक्षां खेळलेल्या वर्षांशीं, म्हणजे सांठत गेलेल्या लहानमोठ्या आघातांशीं अधिक आहे. प्रत्येक चालीस एक आघात. कोणी शिट्टी वाजवीत नाहीं, कोणी बेशुद्ध पडत नाहीं. याच विद्यापीठानें २०१७ सालीं तपासलेल्या, लीगमध्यें खेळलेल्या १११ जणांच्या मेंदूंपैकीं ११० मध्यें हा रोग आढळला. अर्थात् ज्यांच्या वागण्यांत बिघाड दिसला अशांचेच मेंदू कुटुंबीयांनीं विशेषेंकरून दिले असणार, तेव्हां हें प्रमाण सर्व खेळाडूंस लावतां येत नाहीं. संशोधकांनींही तसें बजाविलें आहे.

रांगेंतल्या गड्याच्या खऱ्या उपयोगाची सुधारणा आम्हांस नियमग्रंथांत नव्हे, तर मजुरीच्या करारांत सांपडते. २०११ सालीं खेळाडूंच्या संघटनेनें मालकांशीं केलेल्या करारानें मोसमांतील पूर्ण अंगभिडीच्या सरावांची संख्या चौदावर आणली. सामना पाहण्यास लोक तिकीट काढतात, सराव पाहण्यास काढीत नाहींत. म्हणून तेथें कपात करणें मालकांस जड गेलें नसावें, असा आमचा तर्क आहे. २०२२ पासून सरावशिबिरांत रांगेंतल्या गड्यांच्या हेल्मेटवर मऊ गादीचें आवरण सक्तीचें झालें. तीही गोष्ट सरावांतलीच.

या सर्वांवर एक उत्तर नेहमीं देण्यांत येतें: खेळाडू सज्ञान आहेत, भरपूर पैसा घेतात, राजीखुशीनें खेळतात. या युक्तिवादांत कांहींच तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. ख्रिस बोरलंड हा तरुण खेळाडू एकच मोसम खेळून, मेंदूच्या भीतीनें, २०१५ सालीं उघडपणें निवृत्त झाला. त्याच्यापुढें माहिती होती, त्यानें निवड केली. वेब्स्टरपुढें कोणती माहिती होती? संमति द्यावयास आधीं गोष्ट ठाऊक असावी लागते. आणि ती ठाऊक होऊं नये म्हणूनच लीगची समिति झटत राहिली, हें तर याच पुस्तकानें सिद्ध केलें आहे.

पुस्तक संपतें तेव्हां ७६ कोटि ५० लक्ष डॉलरांची तडजोड नुकतीच जाहीर झालेली आहे. पुढें त्या रकमेवरील मर्यादा उठली, आणि २०१५ सालीं न्यायालयानें तडजोडीस मान्यता दिली. २०१६ सालीं लीगच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें फुटबॉल व सी. टी. ई. यांचा संबंध कबूल केला. भरपाई ठरवितांना कृष्णवर्णीयांची मूळ बुद्धिशक्तिच कमी धरण्याची एक निंद्य पद्धति चालू होती, ती २०२१ मध्यें ओरड झाल्यावर सोडून देण्यांत आली. या घटनांसाठीं लेखकांनीं पुढील आवृत्तींत एक प्रकरण जोडावें. आमची त्यांस आणखी एक विनंति आहे. इतके कागद धुंडाळणाऱ्या या बंधूंनीं त्याच प्रकरणांत एका सेंटरचा एक पुरा मोसम घ्यावा; सराव आणि सामने धरून त्याचें डोकें किती वेळां आदळलें तें मोजावें; आणि त्यांपैकीं किती वेळां पंचाची शिट्टी वाजली, तोही आंकडा शेजारीं मांडावा.