मॉडर्नायझर म्हणजे कोण?

'मॉडर्नायझर' हा इंग्रजी शब्द आपल्या समीक्षेत आणि विद्यापीठीय निबंधांत फार सैलपणे वापरला जातो. रानडे मॉडर्नायझर, आगरकर मॉडर्नायझर, आणि त्याच ओळीत फुले-आंबेडकरही. मराठीत त्यासाठी सर्रास 'सुधारक' लिहितात. (वर्गात मुले 'मॉडर्निस्ट' आणि 'मॉडर्नायझर' एकच समजतात. मर्ढेकर पहिल्यात बसतात, दुसऱ्यात नाही.)

शब्दाचे कूळ पाहिले पाहिजे. अठराव्या शतकातल्या इंग्रजीत 'मॉडर्नाइज' हे क्रियापद मुख्यतः जुन्या इमारती, जुने शुद्धलेखन आणि पोशाख यांच्यासंबंधी येई. म्हणजे डागडुजी. वाडा तोच, मालक तोच, खिडक्या तेवढ्या नव्या. प्रस्थापित सुधारकांना हा अर्थ तंतोतंत लागू पडतो. १८८७ साली सुरू झालेली सामाजिक परिषद बालविवाहावर, विधवांच्या पुनर्विवाहावर बोलली. त्या स्त्रियांचे दुःख खरे होते, ते नाकारण्याचे कारण नाही. पण वाड्याबाहेर कोण उभे आहे, हा प्रश्न तिथे ऐरणीवर आला नाही. कुटुंबाची सुधारणा वेगळी आणि समाजाची पुनर्रचना वेगळी, हा भेद बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये याच परिषदेच्या संदर्भात केला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळालाही ते भाषण पेलले नाही. असा भेद करणाऱ्यालाच डागडुजीवाल्यांच्या रांगेत बसवणे हा त्याचा गौरव नव्हे. फुल्यांनी १८७३ साली काढलेल्या समाजाचे नाव 'सत्यशोधक' होते. आगरकरांच्या १८८८ च्या पत्राचे नाव 'सुधारक'. नावेच बोलतात.

आता आमच्या वाशीम जिल्ह्याकडे या. कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ 'शकुंतला' किलिक निक्सन कंपनीने आणली ती वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला न्यायला. आता ती धावत नाही, पण वऱ्हाडच्या आधुनिकीकरणावरील लेखांत हमखास धावते. कापसाच्या गाठी उचलणारा माणूस त्या लेखांत नसतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या खेड्यांतून आपल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढायचे नाकारले, गावकीची कामे टाकली, पोरे शाळेत घातली. अभ्यासक त्यांना 'मॉडर्नाइज्ड' म्हणतात. कर्मणी प्रयोग! कर्ता कुणी दुसराच. मग अनेक गावांत बहिष्कार पडला, मजुरी तुटली, ती किंमत कुणी मोजली? कर्त्यानेच ना? मॉडर्नायझर हा शब्द ठेवायचाच असेल तर तो आधी या अनाम माणसांना लावा.

गावाच्या बोलीला हे विद्यापीठाआधी कळले आहे. धुतलेला सदरा घालून, पुस्तक काखेत मारून चावडीवरून जाणाऱ्या आपल्या पोराला टोमणा पडतो, 'लय सुधरला रे!' पाटलाचा पोरगा फटफटी घेऊन त्याच चावडीवरून जातो. त्याला असे कोणी म्हणत नाही.