जपानी वाक्य आणि आपला कारकविचार

दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात व दिल्ली विद्यापीठात जपानी भाषा शिकविली जाते. शिकणाऱ्याची मातृभाषा हिंदी, मराठी वा बंगाली असली, तरी जपानी वाक्याची उकल इंग्रजी व्याकरणाच्या परिभाषेतून करण्याची रीत रूढ आहे. ही वाट आडवळणाची आहे.

‘वाताशी वा निहोंगो गा वाकारु’ हे साधे वाक्य घ्या. इंग्रजीच्या साच्यात ‘मी’ हा कर्ता आणि ‘जपानी’ हे कर्म ठरते. मग कर्मानंतर नेहमीचा ‘ओ’ न येता ‘गा’ का येतो, हे अपवाद म्हणून घोकावे लागते. मराठी माणूस मात्र ‘मला जपानी समजते’ असेच म्हणतो. समजते ती भाषा प्रथमेत, ज्याला समजते तो चतुर्थीत! येथे अपवाद उरतच नाही.

परंतु प्रत्ययास प्रत्यय जुळविणारे कोष्टक करून भागणार नाही. ‘टोकियोत राहतो’ आणि ‘टोकियोत काम करतो’ या दोन्ही ठिकाणी आपला प्रत्यय ‘त’; जपानीत पहिल्या ठिकाणी ‘नी’, दुसऱ्या ठिकाणी ‘दे’. शिवाय ‘पेनने लिहितो’ यातील ‘ने’साठीही ‘दे’च येतो. विभक्ती हे रूप आणि कारक हा क्रियेशी असलेला संबंध, हा पाणिनीय भेद येथे उपयोगी पडतो. अष्टाध्यायीतील सहा कारके मनाशी धरली, की ‘दे’मध्ये करण आणि क्रियेचे अधिकरण एकत्र आले आहेत, तर वास्तव्याचे अधिकरण ‘नी’कडे गेले आहे, हे ध्यानात येते.

या विचाराची मर्यादा ‘वा’पाशी दिसते. मिकामी आकिरा यांनी १९६० साली ‘झो वा हाना गा नागाइ’ या ग्रंथात त्याचीच चिकित्सा केली आणि जपानी व्याकरणातून ‘उद्देश्य’ ही पाश्चात्य कल्पना काढून टाकावी, असे प्रतिपादन केले. ग्रंथनामाचा आशय ‘हत्तीचे म्हणाल तर, सोंड लांब’ असा. ‘वा’ कारक दाखवीत नाही. बोलण्याचा विषय पुढे मांडतो. म्हणूनच तो ‘नी’ आणि ‘दे’ यांच्याही पुढे लागू शकतो.

पाठ्यपुस्तकांत मात्र पहिल्याच धड्यात ‘वा’ भेटतो आणि विद्यार्थी त्याला कर्त्याचा प्रत्यय समजून बसतो. तो समज पुढे सहजी सुटत नाही. आधी कारके, मग ‘वा’, असा क्रम आमच्या अध्यापकांनी एकदा योजून पाहावा. त्याची सामग्री शाळेतील व्याकरणाने विद्यार्थ्याच्या हाती पूर्वीच दिली आहे.