औषधप्रतिरोध : एका परिभाषेची चिकित्सा

आरोग्यविषयक माहितीपत्रकांकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची आपली रीत नाही. कवितासंग्रहाचे परीक्षण होते, कोशाचे होते. दवाखान्याच्या भिंतीवरील चार ओळींचे होत नाही. तथापि ज्या गद्यावर वाचकाचे जीवित अवलंबून असते, त्याच्या शब्दयोजनेची चिकित्सा भाषाभ्यासकाने करू नये, असे मानण्यास काहीच आधार नाही. एच.आय.व्ही.च्या उपचारकाळात उद्भवणाऱ्या औषधप्रतिरोधाविषयी मराठीत जे लिहिले व बोलले जाते, तेवढ्यापुरतेच प्रस्तुत विवेचन मर्यादित आहे. नगर जिल्ह्यात (अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर) हा विषय परका नाही. स्नेहालय ही संस्था येथे १९८९ मध्ये स्थापन झाली आणि एच.आय.व्ही.बाधितांची काळजी हे तिच्या कार्याचे एक प्रमुख अंग होऊन बसले. शासनाची मोफत ए.आर.टी. योजना देशात १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली.

प्रथम 'प्रतिकार' हा शब्द घेऊ. रक्तातील सी.डी.-४ पेशींची संख्या वाढली की रुग्णास 'प्रतिकारशक्ती वाढली' असे सांगतात. ही शुभवार्ता होय. त्याच रुग्णास काही वर्षांनी 'प्रतिकार निर्माण झाला आहे' असे सांगण्यात येते, आणि ही वार्ता अशुभ असते! पहिल्या वाक्यात प्रतिकार करणारे शरीर आहे, दुसऱ्यात विषाणू. पण दुसऱ्या वाक्यात कर्ता अध्याहृत ठेवल्यामुळे ऐकणारा तो पहिल्या वाक्यातूनच उचलतो. त्याला दोष कसा द्यावा? अध्याहृत पद जवळच्या संदर्भातून भरून काढणे, ही भाषा समजण्याची स्वाभाविक रीतच आहे.

परिभाषाकारांनी 'प्रतिरोध' हा निराळा शब्द योजून ही अडचण काही अंशी दूर केली, हे मान्य केले पाहिजे. परंतु 'औषधप्रतिरोध' हा समास सोडवताना पुन्हा अडखळावे लागते. 'रोगप्रतिकार' म्हणजे रोगाचा प्रतिकार; येथे रोग हे कर्म. त्याच न्यायाने औषध हे कर्म धरावे, तर प्रतिरोध करणारा कोण हे समास सांगत नाही. आणि औषध हेच कर्ता धरून 'औषधाने केलेला प्रतिरोध' असा विग्रह एखाद्याने केला, तर व्याकरण त्याला अडवू शकत नाही. म्हणून 'विषाणूचा औषधप्रतिरोध' असे पूर्ण पद लिहावे, असे आमचे मत आहे. एक शब्द अधिक पडेल; पडू द्यावा.

हा केवळ शब्दच्छल नव्हे, हे कळण्यासाठी मूळ प्रक्रिया पाहिली पाहिजे. एच.आय.व्ही. आपल्या जनुकीय मजकुराची नक्कल स्वतःच्या एका विकराकडून करवून घेतो. मजकूर सुमारे ९,७०० अक्षरांचा, आणि या लेखनिकाला मुद्रिते तपासण्याची सोयच नाही. उपचार न घेतलेल्या शरीरात दररोज सुमारे १,००० कोटी विषाणुकण तयार होतात. म्हणजे पाठभेदांना तोटा नाही. हस्तलिखितांशी परिचय असलेल्यांस हे चित्र ओळखीचे वाटेल. याच जिल्ह्यातील नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठी एकनाथांना शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत तयार करावी लागली. येथे मात्र शुद्ध प्रत तयार करणारा कोणी नसतो, आणि कोणता पाठ टिकावा हे औषध ठरवते. लॅमिव्ह्यूडिन चालू असताना १८४ व्या स्थानावरील एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे आले, तर तो विषाणू त्या औषधाखालीही वाढतो. नेव्हिरापिन व एफाव्हिरेन्झ यांच्या बाबतीत १०३ व्या स्थानावरील एक बदल पुरतो. तीन औषधे एकत्र देण्याचे इंगित हेच की तिन्हींना चुकवणारा पाठ एकाच नकलेत सहसा साधत नाही, आणि विषाणूची वाढच दबल्यामुळे नकलाही होत नाहीत.

आता लोकांच्या बोलण्याकडे वळू. 'अंगाला गोळ्यांची सवय झाली' हे वाक्य दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांच्या तोंडी सर्रास येते. यात बदलणारी वस्तू शरीर आहे. हे निदान स्वीकारले की उपायही त्यातूनच निघतो : सवय मोडण्यासाठी काही दिवस गोळ्या बंद ठेवाव्यात. चहा-तंबाखूच्या बाबतीत हा विचार शहाणपणाचा आहे. येथे तो घातक ठरतो. एफाव्हिरेन्झ रक्तात इतर दोन औषधांपेक्षा अधिक काळ रेंगाळते. तिन्ही एकदम थांबवली की काही दिवस ते एकटेच उरते, आणि एकट्या औषधाखाली वाढणाऱ्या विषाणूत नेमका बदललेला पाठ निवडला जातो. तो पुढे सुप्त पेशींत जपलाही जातो. विश्रांतीने तो पुसला जात नाही. एका चुकीच्या कर्त्याची एवढी किंमत क्वचितच द्यावी लागत असेल.

आश्चर्य असे की अचूक कर्ता असलेला प्रयोग मराठीत पूर्वापार आहे. 'दुखणे औषधाला दाद देत नाही' असे आपण म्हणतो. येथे दुखणे कर्ता, औषध कर्म, शरीर बाजूला. शेवगाव-पाथर्डीकडच्या कपाशीच्या शेतकऱ्यास तर हे वेगळे शिकवावे लागू नये. २०१७ च्या हंगामात शेंदरी बोंडअळी बीटी कपाशीला दाद देईनाशी झाली, तेव्हा बदलली ती अळी, कपाशी नव्हे, हे समजणे त्याला जड नव्हते. 'विषाणू गोळीला दाद देईनासा होतो' हे वाक्य माहितीपत्रकात का येऊ नये? या प्रयोगातून सुटसुटीत नाम होत नाही, आणि विषाणूस इच्छा असल्याचा भास त्यात होतो, हे दोन आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिल्यासाठी शास्त्रीय लेखनात 'प्रतिरोध' आहेच. दुसरा 'प्रतिरोध' या शब्दालाही तितकाच लागू पडतो.

एका क्रियापदाविषयी लिहिणे अवश्य आहे. 'डोस चुकवू नका' अशी सूचना सर्वत्र दिसते. मराठीत 'चुकणे' आणि 'चुकवणे' यांत मोठे अंतर आहे. गाडी चुकते, कर चुकवला जातो. दुसऱ्यात हेतू आहे, लबाडी आहे. पाथर्डीचे ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमारास कोपी उभारण्यास दूरच्या कारखान्याकडे जाते ते चैत्र-वैशाखात परतते. या मधल्या काळात गोळ्या संपल्या, तर डोस चुकतो, त्याने तो चुकवलेला नसतो. अधिक गोळ्या बरोबर देणे किंवा तिकडच्या केंद्रात नाव वर्ग करणे हे व्यवस्थेचे काम आहे, आणि 'चुकवू नका' हे वाक्य व्यवस्थेला कर्तेपदावरून अलगद उठवून तेथे रुग्णास बसवते. 'पेशंट रेझिस्टंट झाला' हा दवाखान्यातील प्रयोगही त्याच जातीचा. प्रतिरोधी विषाणू काहींना संसर्गासोबतच मिळतो. मातेला वा बाळाला दिलेल्या नेव्हिरापिनच्या मात्रेनंतरही संसर्ग झालेल्या काही बालकांत तो पहिली गोळी घेण्यापूर्वीच असतो. त्या बालकाने काय चुकवले?

अलीकडे डोल्युटेग्राव्हिरयुक्त गोळी देशात प्रथमोपचार म्हणून रूढ झाली आहे. तिच्याविरुद्ध प्रतिरोध सहजी उत्पन्न होत नाही, पण होतच नाही असे नव्हे. नव्या गोळीबरोबर नवी माहितीपत्रके छापावी लागतात. ती छापण्यापूर्वी प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण, एवढे तरी आपल्या विभागातील विद्यार्थ्यांकडून तपासून घेता येईल.